हेडफोन घ्यायचाय? आधी हे वाचा!

घरात नवा मिक्सर घ्यायचा असला की आपण चार दुकाने पालथी घालतो. मोटार किती वॉटची, भांडी स्टीलची आहेत ना, सर्व्हिस सेंटर जवळ कुठे आहे, सगळे विचारून घेतो. कुकर घेताना रबर आणि शिट्टी सुटी मिळते की नाही, हे विचारायला विसरत नाही. पण संगणकाला लावायचा हेडफोन घ्यायचा असला की आपली ही सारी हुशारी कुठे जाते कोण जाणे! मुलगा क्लासवरून येताना स्टेशनबाहेरच्या टपरीवरून दोनशे-अडीचशेचा उचलून आणतो. चार महिन्यांत एका कानाचा आवाज जातो. मग दुसरा, मग तिसरा. कपाटाचा एक खण अशा एककानी हेडफोनांनी भरतो आणि घरातला प्रत्येकजण म्हणतो, “हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत.”

वस्तू टिकत नाहीत हे खरे. पण निवडताना आपण काय पाहतो, हेही तितकेच खरे.

हेडफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका रात्रीत शाळा, ऑफिस, क्लास सगळे घरात आले. ते दिवस गेले, पण सवय राहिली. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी करणारी कितीतरी मंडळी आजही आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतात. मुलांचे क्लास संगणकावर असतात, मुलाखतीसुद्धा संगणकावरच होतात. आणि आपली उपनगरातली घरे म्हणजे वन रूम किचन, फार तर वन बीएचके. एकाची मीटिंग, दुसऱ्याचा क्लास, सासूबाईंची मालिका आणि आपल्या कुकरच्या शिट्ट्या, सगळे एकाच छपराखाली. अशा घरात हेडफोन म्हणजे आवाजापुरती उभी केलेली एक भिंतच आहे. ती नीट पारखून घ्यावी, हे बरे.

स्वयंपाकघरातून निघालेली वस्तू

एक गंमत सांगते. आधुनिक हेडफोनचा जन्म प्रयोगशाळेत नव्हे, तर स्वयंपाकघरात झाला. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून हाताने हेडफोन तयार करत असे. १९१० मध्ये अमेरिकन नौदलाने ते पाहिले आणि त्याच्याकडे मागणी नोंदवली. पुढे १९५८ मध्ये जॉन कॉस याने गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर स्पंजच्या गोळ्यांचे हलके हेडफोन जगभर पोचले.

आपल्याकडे मात्र डोक्यावर हेडफोन चढवून पगार मिळवण्याचा मान आधी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींचा. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या त्या ऑपरेटर आठवतात ना? आठ-आठ तास कानावर यंत्र आणि ओठांपाशी माइक. हल्ली आपल्या लेकी-सुना कॉल सेंटरमध्ये तेच करतात. म्हणून त्या ऑपरेटरना जे हवे असे, तेच आपणही पाहावे: डोक्याला हलका, कानाला मऊ, रोज वापरून न मोडणारा आणि बोललेले पलीकडे स्पष्ट पोचवणारा.

पहिली गोष्ट: पिन बघा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या संगणकाला भोके कोणती आहेत, ते पाहून जावे. ब्लाऊजपीस घेताना साडी सोबत नेतो ना, तसेच हे.

टेबलावरच्या मोठ्या संगणकाला बहुधा दोन गोल भोके असतात. हिरवे ऐकण्यासाठी, गुलाबी माइकसाठी. त्याला दोन पिनांचा हेडफोन लागतो. लॅपटॉपला बहुधा एकच गोल भोक असते आणि ऐकणे-बोलणे दोन्ही त्यातूनच होते. त्याला एक पिनवाला हवा. पिन हातात घेऊन नीट पाहा: तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर तिच्यात माइकही आहे, दोनच असतील तर नुसते ऐकू येईल, बोलता येणार नाही. एवढे न पाहिल्यामुळे किती हेडफोन घरी आल्यावर “खराब निघाले” म्हणून शिव्या खातात! उदाहरण द्यायचे तर लॉजिटेक कंपनीचे एच ११० आणि एच १११ हे दिसायला जुळ्या बहिणी. पण पहिल्याला दोन पिना आहेत आणि दुसऱ्याला एक. चुकीचा आणलाच, तर दोनाचे एक किंवा एकाचे दोन करणारा जोड स्वस्तात मिळतो. हेडफोन फेकू नये.

तिसरा प्रकार यूएसबीचा. पेनड्राइव्ह खुपसतो त्याच चौकोनी भोकात तो जातो. त्याच्यातच आवाजाचे छोटे यंत्र असते. त्यामुळे संगणकाची गोल भोके सैल झाली असतील, खरखर येत असेल, तरी याचे अडत नाही. रोज तासन्‌तास बोलायचे काम असेल तर हाच घ्यावा. मात्र काही नव्या लॅपटॉपना फक्त टाइप-सीची लहान भोके असतात, तेवढे तपासून घ्यावे. आणि यूएसबीचा हेडफोन साध्या गोल पिनेच्या जागी मोबाइलला किंवा टीव्हीला लागणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खोक्यावर ‘ओम’ असा आकडा असतो. घरच्या संगणकासाठी तो ३२ च्या आसपास असला की पुरे. अडीचशे ओमचा हेडफोन स्टुडिओतल्या लोकांसाठी असतो. तो साध्या लॅपटॉपला लावला तर आवाज मुळी पुरत नाही.

वायरचा की बिनवायरचा?

मुलांना बिनवायरचा हवा असतो. दिसतो छान, वायरचा गुंता नाही. पण टेबलाशी बसून करायच्या कामाला वायरचाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनवायरच्यात बॅटरी असते आणि कोणतीही बॅटरी वर्षागणिक म्हातारी होतेच. स्वस्त हेडफोनात ती बदलून मिळत नाही. म्हणजे बाकी सगळे धडधाकट असतानाही बॅटरीबरोबर हेडफोन कचऱ्यात. ऐन मुलाखतीच्या वेळी चार्जिंग संपते ते वेगळेच. शिवाय ब्लूटूथवर नुसते गाणे ऐकताना आवाज सुरेख येतो. पण माइक सुरू झाला की बऱ्याच संगणकांवर तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ती वस्तूची खोड नव्हे, त्या तंत्राचीच मर्यादा आहे.

तरीही बिनवायरचा घ्यायचाच असेल, तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे ना, ते पाहावे. बिनतारी हेडफोन-इअरफोनना ही नोंदणी सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की खरा की खोटा, ते कळते.

मोडतो कुठे? तिथेच पाहा

पातेले घेताना आपण कान ओढून पाहतो, बादली घेताना कडी. हेडफोनच्याही नेमक्या जागा ठरलेल्या आहेत.

१. पिनेजवळची वायर: हेडफोन मरतो तो बहुतेक इथेच. वायर पिनेत शिरते तिथे मऊ रबराची, वाकणारी नळी हवी. तिथे वायर नुसतीच चिकटवलेली दिसली, तर खाली ठेवून द्यावा.

२. कानापाशी वायर शिरते ती जागा: इथेही तशीच नळी हवी. वायर काढता-घालता येत असेल तर सोन्याहून पिवळे. वायर तुटली तर नुसती वायर बदलता येते.

३. डोक्यावरची पट्टी: लहान-मोठी करताना आत पोलादी पट्टी दिसते का, ते पाहा. नुसते प्लॅस्टिक असेल तर बिजागरीपाशी तडा जातो. दोन्ही हातांनी हलकेच फाकवून पाहा. कुरकुर आवाज आला तर नको.

४. कानावरच्या गाद्या: आपल्या मुंबईच्या दमट हवेत हा फार महत्त्वाचा मुद्दा. चकचकीत रेक्झिनच्या गाद्या घाम आणि दमटपणा यांनी वर्ष-दोन वर्षांत सोलवटतात आणि काळे पापुद्रे गालाला चिकटतात. कापडी किंवा मखमली गाद्या जास्त टिकतात आणि उकडतही कमी. कोणत्याही असोत, निघतात का आणि सुट्या मिळतात का, हे विचारावे. कुकरच्या रबरासारखेच!

५. माइकची दांडी: ती नुसती वर-खाली होते की हवी तशी वळते, ते पाहावे. टोक ओठाच्या कोपऱ्यापाशी, बोटभर अंतरावर आले पाहिजे. अगदी तोंडासमोर आले तर श्वासाचे फुसफुस आवाज जातात.

वजनही हातात घेऊन पाहावे. दुकानात पाच मिनिटे घातलेला हेडफोन कधीच टोचत नाही. तीन तासांनी टोचतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट घालून पाहावा, कारण जड गादी चष्म्याची काडी कानामागे दाबते.

‘नॉइज कॅन्सलिंग’चा घोळ

या दोन शब्दांवर दुकानदार पाचशे रुपये जास्त मागतो, म्हणून त्यांचा अर्थ समजून घ्यावा. माइकच्या बाबतीत हा शब्द असेल, तर तुमच्या घरातला गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो. तुम्हाला तो तेवढाच ऐकू येतो! कानाच्या बाबतीत असेल, तर बाहेरचा आवाज तुम्हाला कमी येतो. त्यातही पंख्यासारखी किंवा विमानासारखी सलग घरघर चांगली कमी होते, पण कुकरची शिट्टी आणि शेजारच्या फ्लॅटमधले ड्रिल मशीन पुरते थांबत नाही. घरून नोकरी करणाऱ्याला पहिला प्रकार महत्त्वाचा, आणि तो स्वस्तही पडतो. दुसऱ्यासाठी पैसे मोजण्याऐवजी कान पूर्ण झाकणाऱ्या, बंद पाठीच्या गाद्या घेतल्या तरी बरेचसे काम भागते.

हिशेब करून पाहा

आता पैशांचे बोलू. अडीचशेचा हेडफोन सहा महिने टिकला असे समजा. तीन वर्षांत सहा वेळा घेतला म्हणजे दीड हजार रुपये झाले. सहा वेळा मनस्ताप झाला तो वेगळा. त्याउलट आठशे-नऊशेचा बऱ्यापैकी वायरवाला हेडफोन तीन वर्षे चालला, मध्ये एकदा गाद्या आणि एकदा पिन बदलली, तरी अकराशे-बाराशेच्या आत काम भागते. रोज सात-आठ तास बोलण्याचीच नोकरी असेल, तर दीड ते तीन हजारांतला चांगला यूएसबीचा हेडफोन महाग वाटला तरी महाग नसतो. तो पोटापाण्याचे हत्यार आहे. त्याउलट आठवड्यातून एकदा नागपूरच्या बहिणीशी किंवा न्यू जर्सीच्या लेकीशी बोलण्यापुरता हवा असेल, तर तेवढ्यासाठी तीन हजार घालणेही शहाणपणाचे नाही.

खोक्यावर वॉरंटी किती ते वाचावे, आणि ती वस्तू बदलून देण्याची आहे की फक्त दुरुस्तीची, हेही विचारावे.

कुठे घ्यावा?

पार्ल्याच्या इर्ल्याला, बोरिवली-घाटकोपरच्या स्टेशनांजवळ, मुलुंडच्या बाजारात दुकानांना तोटा नाही. तरी भरपूर नमुने एका जागी पाहायचे असतील, तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, याला पर्याय नाही. बोरिवली-अंधेरीहून थेट धीमी लोकल मिळते. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. हेडफोनच्या सुट्या गाद्या, पिना, जोड हे सारे तिथे मिळते.

संवाद साधारण असा होतो:

“भाऊ, गॅरंटी किती?”

“ताई, इथे लावून दाखवतो. घरी गेल्यावर गॅरंटी नाही.”

“बिल द्याल ना पण?”

“बिल घेतलं तर टॅक्स लागेल, बघा.”

इथेच आपण पन्नास-शंभर रुपयांसाठी पाघळतो. पाघळू नका. बिल मागणे हा आपला हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर दिलेली नसेल, तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या पाटीला घाबरायचे कारण नाही. खोक्यावर कमाल किंमत, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन नंबर छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर ते खोके उघडूच नका.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग बांद्रे पूर्वेला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करायला हवी. पार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत तर आपल्यापैकी अनेकींना माहेरासारखी. १९७५ पासून तिचे वितरण संघ घरोघरच्या बायकांनीच चालवले आहेत. वाणसामान चोख हवे म्हणून ज्यांनी हे उभे केले, त्यांनी आठशे रुपयांच्या हेडफोनचे बिल मागायला का लाजावे?

निगा आणि थोडे शिवणकाम

हेडफोन काढताना वायर ओढू नये, पिन धरून काढावी. वायर हेडफोनभोवती करकचून गुंडाळू नये. लोकरीचा गुंडा करतो तशी सैल वेटोळी घालून दोऱ्याने बांधावी. टेबलाच्या कडेला एक हुक ठोकून हेडफोन त्यावर टांगावा. खुर्चीच्या चाकाखाली येऊन जितक्या वायरी मेल्या आहेत, तितक्या कशाने नसतील! पावसाळ्यात तो डब्यात ठेवणार असाल, तर नव्या पर्समधून किंवा औषधाच्या बाटलीतून निघालेली ओलावा शोषणारी पुडी त्यात टाकावी. गाद्या ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. रेक्झिनवर स्पिरिट लावू नये, ते चिरते.

गाद्या सोलवटल्या तर टाकण्याची घाई नको. जुन्या सुती बनियनचे मऊ, पातळ कापड घ्यावे. गादीच्या व्यासापेक्षा सहा सेंटिमीटर मोठे दोन गोल कापावेत. कडेला नेफा घालून त्यात बारीक इलॅस्टिक ओवावे. झाली कानटोपी! गादीवर चढवली की पापुद्रे झाकले जातात, घाम टिपला जातो, आवाजही अडत नाही. आठवड्याला काढून धुवावी. दोन जोड केले आणि घरातल्या दोघांत हेडफोन एकच असला, तर प्रत्येकाची टोपी वेगळी ठेवावी. कानाला खाज किंवा पू असलेल्याचा हेडफोन मात्र दुसऱ्याने वापरूच नये.

एका कानाचा आवाज गेला तर बहुधा पिनेजवळ वायर तुटलेली असते. वायर हलवली की आवाज येतो-जातो, ही त्याची खूण. मोबाइल-टीव्ही दुरुस्त करणारा नवी पिन डाख देऊन बसवून देतो. यूएसबीवाल्याचे काम थोडे नाजूक असते, तेही विचारून पाहावे.

आणि शेवटी कान

हेडफोन दुसरा आणता येतो, कान आणता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज थोडा वाढवला तर वेळ झपाट्याने कमी होते: ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तासच उरतात. आणि गोंगाट असला की आपण नकळत आवाज वाढवतोच. म्हणून उपनगरातल्या गजबजलेल्या घरात बंद गाद्यांचा हेडफोन ही चैन नव्हे. बाहेरचा आवाज अडला की आतला कमी ठेवता येतो.

घरच्या घरी करायची पारख सोपी आहे. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. मुलाने हेडफोन घातलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा. ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे. तासाभराने पाच-दहा मिनिटे कान मोकळे ठेवायला लावा. कानात गुंई आवाज येऊ लागला, किंवा बोललेले कापूस घातल्यासारखे ऐकू आले, तर “होईल बरे” म्हणत बसू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता एकच शेवटचे. बहुतेक घरांत चांगला हेडफोन ‘ह्यां’च्या मीटिंगला, दुसरा मुलांच्या क्लासला, आणि एका कानाने ऐकू येणारा तिसरा आपल्याला! आपल्यापैकी कितीजणी हल्ली संगणकावर शिकवण्या घेतात, हिशेब लिहितात, घरून नोकरी करतात, नव्याने काही शिकतात. कपबशीचा कान तुटला की ती आपण स्वतःकडे घेतो, ती सवय इथे नको. तुमच्या कामालाही दोन कानांचा, धड माइकचा हेडफोन लागतो. तो वाणसामानाच्या यादीतच लिहा, आणि दुकानात गेल्यावर पिन पाहून, पट्टी फाकवून, बिल घेऊनच आणा.